प्रोफेसर ख्रिस्तोफर स्ट्रेची

काही थोर पुरुषांची कृत्ये डोळ्यांस दिसतात. कोणी किल्ला बांधतो, कोणी नदीवर पूल घालतो, कोणी रोगावर औषध शोधून काढतो, आणि त्यांच्या नावाने रस्ते व पुतळे उभे राहतात. दुसऱ्या काही पुरुषांचे कार्य असे असते की ते जितके चांगले उतरेल तितके ते कोणाच्या लक्षात येत नाही. विहिरीत कोणत्या झऱ्याचे पाणी येते ह्याचा विचार घागर भरणारा करीत नाही. ज्या गृहस्थांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत ते ह्या दुसऱ्या वर्गातील होत. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरील नाखवा समुद्रात होडी लोटण्यापूर्वी फोनवर वाऱ्याचे मान पाहतो. देवगडचा बागाईतदार त्याच फोनवर मुंबईच्या बाजारातील आंब्याच्या पेटीचा भाव विचारतो. त्या फोनच्या पोटात चालणारा कारभार ज्या भाषेत लिहिला गेला, तिच्या वंशावळीत वर वर चढत गेले असता प्रोफेसर स्ट्रेची ह्यांचे नाव भेटते. ते जाऊन अर्धशतक लोटले. संगणकाच्या विद्वानांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आमच्या भागात मात्र ते बहुतेकांनी ऐकलेलेही नसावे, म्हणून हा प्रयत्न.

ख्रिस्तोफर स्ट्रेची ह्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडन शहरातील हॅम्पस्टेड ह्या भागात झाला. त्यांच्या घराण्याचा हिंदुस्थानाशी जुना संबंध होता. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची हे बंगालच्या इंजिनिअर पलटणीतील अधिकारी. कालवे, रस्ते व लोहमार्ग ह्यांच्या कामात त्यांचे आयुष्य गेले, आणि १८७८ साली नेमलेल्या दुष्काळ कमिशनचे ते अध्यक्ष होते. वडील ऑलिव्हर स्ट्रेची ह्यांनी काही वर्षे ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरी केली व पुढे दोन्ही महायुद्धांत शत्रूच्या गुप्त लिप्या उलगडण्याचे काम केले. आई रे स्ट्रेची ह्या गणित शिकलेल्या विदुषी. इंग्लंडातील स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत त्या पुढारी होत्या आणि त्या चळवळीचा इतिहासही त्यांनी १९२८ साली लिहून प्रसिद्ध केला. प्रसिद्ध चरित्रकार लिटन स्ट्रेची हे ख्रिस्तोफर ह्यांचे चुलते. असे घर लाभलेला मुलगा पहिल्यापासून पहिल्या नंबरात चमकत असेल असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती तशी नव्हती.

नॉरफोकमधील ग्रेशॅम विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. कोडी, खेळ आणि यंत्रे ह्यांत त्यांची बुद्धी विलक्षण चाले. परंतु ठरलेल्या अभ्यासात ती टिकून राहत नसे. १९३५ साली ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गणित शिकण्यास गेले, मध्येच पदार्थविज्ञानाकडे वळले, आणि तिसऱ्या वर्षी त्यांचे मन इतके खचले की काही काळ अभ्यास सोडून द्यावा लागला. १९३९ साली पदवी मिळाली ती दुसऱ्या वर्गाच्या खालच्या भागात. संशोधक होण्याची इच्छा होती, पण अशा पदवीवर ती वाट बंद होती. परीक्षेच्या निकालावर माणसाची किंमत ठरविणाऱ्या पालकांनी ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ज्या ऑक्सफर्ड विद्यापीठात ते प्रोफेसर झाले तेथे त्यांच्याइतक्या साध्या पदवीवर त्या आसनापर्यंत पोचलेले फार थोडे असतील.

युद्धाच्या काळात ते टेलिफोनची यंत्रे बनविणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात रेडिओच्या नळ्यांचे गणित करीत. हे गणित हाताने सुटण्याजोगे नसल्यामुळे त्यांस समीकरणे सोडविणाऱ्या एका यांत्रिक साधनाचा उपयोग करावा लागला. आणि तेथेच गणना करणाऱ्या यंत्रांची त्यांस गोडी लागली. युद्ध संपले तेव्हा त्यांनी कारखाना सोडला व शाळामास्तर झाले. १९४५ पासून कँटरबरी येथील सेंट एडमंड विद्यालयात आणि १९४९ पासून हॅरो येथील सुप्रसिद्ध शाळेत ते शिकवीत. आमच्या विद्यार्थी वाचकांनी येथे थोडे थांबावे. संगणकाच्या इतिहासात ज्यांचे नाव राहिले त्या स्ट्रेची ह्यांनी आपला पहिला मोठा प्रोग्रॅम शाळेच्या सुट्टीत, पाटीपेन्सिलीच्या मास्तराच्या हातांनी लिहिला.

१९५१ च्या जानेवारीत, नाताळच्या सुट्टीत, त्यांनी टेडिंग्टन येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एक विद्युत्-गणकयंत्र पाहिले. घरी येऊन त्यांनी ड्राफ्ट्स हा सोंगट्यांचा खेळ त्या यंत्राने खेळावा म्हणून आज्ञा लिहावयास घेतल्या. त्या यंत्राची मेमरी, म्हणजे संख्या व आज्ञा लक्षात ठेवण्याची जागा, अगदीच अपुरी पडली. इतक्यात मँचेस्टर येथे अधिक मोठ्या मेमरीचे यंत्र तयार झाल्याचे त्यांच्या कानी आले. त्या यंत्राची माहितीपुस्तिका ॲलन ट्युरिंग ह्यांनी लिहिलेली होती आणि ट्युरिंग हे किंग्ज कॉलेजातील ओळखीचे. पुस्तिका मागवून, तिचे पारायण करून, शाळेच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात मास्तरांनी सुमारे हजार आज्ञांचा एक प्रोग्रॅम रचला; दुसरे प्रोग्रॅम पायरीपायरीने चालवून त्यांतील चुका दाखविणे हे त्याचे काम. त्या यंत्रावर तोवर इतका लांब प्रोग्रॅम कोणी चालविला नव्हता. रात्रभर खपून तो जवळजवळ पहिल्याच फेरीत चालला, आणि शेवटी यंत्राच्या भोंग्यातून इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले. एका रात्रीत त्या शाळामास्तरांची कीर्ती झाली असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या मँचेस्टरच्या यंत्राची मेमरी किती होती हे ऐकून आजच्या मुलांस हसू येईल. चित्रपडद्यासारख्या आठ काचनळ्या. प्रत्येक नळीवर तेजाच्या ठिपक्यांच्या ६४ ओळी. प्रत्येक ओळीत २० ठिपके. ह्याशिवाय एक फिरते चुंबकीय पिंप होते. त्यावर पुष्कळ मावे, पण तेथून आणावयास वेळ लागे. कोणते पान पिंपावरून नळीवर आणावयाचे आणि त्यासाठी कोणते पान पुसावयाचे, हे सर्व प्रोग्रॅम लिहिणाराने कागदावर आधी ठरवावयाचे असे. जागा देणारा तोच, घेणारा तोच, आणि चूक झाल्यास रडणाराही तोच! आमच्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली चालू केलेल्या टिफ्रॅक ह्या यंत्राची मेमरी २,०४८ शब्दांची होती. त्याच संस्थेतील गोमंतकीय गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी हे १९४८-४९ साली ही नवी यंत्रे अभ्यासण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेस जाऊन आले होते. म्हणजे हा विषय त्या काळी आमच्या लोकांस अगदीच परका होता असे नव्हे.

१९५२ साली स्ट्रेची ह्यांनी शाळा सोडली व लंडनच्या राष्ट्रीय संशोधन विकास मंडळात रुजू झाले. त्याच वर्षी कॅनडात जाऊन सेंट लॉरेन्स नदीतून जहाजांचा मार्ग काढण्याच्या योजनेसाठी पाण्याच्या चढउताराचे प्रचंड गणित त्यांनी टोरोंटो येथील यंत्राकडून करवून घेतले. परत येऊन पेगासस नावाच्या यंत्राची रचना करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ह्या वर्षांविषयी सांगण्याजोगे पुष्कळ आहे, परंतु आमचा विषय दुसरा असल्यामुळे आम्ही १९५९ ह्या सालाकडे वळतो.

त्या वर्षी पॅरिस येथे युनेस्कोने भरविलेल्या परिषदेत स्ट्रेची ह्यांनी एक निबंध वाचला. यंत्राचे गणित करणारे अंग अतिशय चपळ, तर कागदाची फीत वाचणारी व उत्तर छापणारी उपकरणे त्या मानाने फारच मंद. छापखाना चालू असता गणिताचे अंग हातावर हात ठेवून बसते. तेव्हा एका प्रोग्रॅमला उपकरणासाठी थांबावे लागले की यंत्राने दुसरा प्रोग्रॅम हाती घ्यावा, आणि उपकरणाने काम झाल्याची हाक दिली की पहिल्याकडे परतावे, असे त्यांचे सांगणे होते. ही योजना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तीत काही शोध होता असे वाटतही नाही. परंतु तिच्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. एकाच मेमरीत अनेक बिऱ्हाडे आली. आता कोणाला किती जागा द्यावयाची, कोणी कोणाच्या जागेत पाऊल टाकू नये म्हणून काय करावयाचे, आणि काम झाल्यावर जागा परत कशी घ्यावयाची? हे पाहण्यासाठी सर्वांवर एक कारभारी प्रोग्रॅम हवा. त्या कारभाऱ्यालाच पुढे ऑपरेटिंग सिस्टिम म्हणू लागले. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आणि छापयंत्र, कळफलक, चकती अशा एकेका उपकरणाशी बोलणारा जो त्याचा हस्तक, त्यास ड्रायव्हर म्हणतात.

कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा ज्याने पाहिली आहे त्यास हा व्यवहार समजण्यास अडचण पडू नये. एका बाजूस समुद्र, एका बाजूस डोंगर. मध्ये देवालयाचा परिसर व पुळण एवढीच काय ती जागा. तेथे खाजेवाला येतो, बांगड्यांचे पाल पडते, आकाशपाळणा येतो, आणि वाजतगाजत देवस्वाऱ्या येतात. समजा, जागा वाटून देणारा एक कारकून वही घेऊन बसला आहे. ज्याला जागा हवी त्याने त्याच्याकडे यावे, किती हात हवी ते सांगावे. कारकून वहीत खूण करून जागेचा आकडा देईल. यात्रा उलगली की दुकानदाराने तो आकडा परत करावा, म्हणजे वहीतील खूण पुसली जाईल. मेमरीचे देणेघेणे ते हेच. ह्यात चुकण्यासारखे ते काय असे वाचक म्हणतील. पण संगणकाच्या कारभारातील अर्धी दुखणी ह्या वहीपाशी सुरू होतात.

कोणी दुकानदार पाल गुंडाळून निघून गेला व कारकुनास सांगावयास विसरला, तर जागा रिकामी पडते पण वहीत ती भरलेलीच दिसते. एक गेला तर कळत नाही. दररोज दहा गेले तर आठव्या दिवशी पुळण ओसाड आणि वही भरलेली, नव्या माणसास नकार. ह्यास मेमरी गळणे असे म्हणतात. साधा प्रोग्रॅम संपला म्हणजे त्याची सर्व जागा कर्नल आपण होऊन ओढून घेतो, त्यामुळे त्याची विस्मृती फारशी बाधत नाही. ड्रायव्हर मात्र कर्नलाच्या घरातलाच माणूस. त्याने घेतलेली जागा त्याने स्वतः परत केली नाही तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करीपर्यंत ती कोणालाही मिळत नाही.

उलट बाजूची चूक ह्याहून भयंकर. आकडा परत केला, कारकुनाने ती जागा बांगडीवाल्यास दिली, आणि जुना खाजेवाला सवयीने येऊन तेथेच चूल पेटवून बसला! काच आणि विस्तव एकत्र आल्यावर काय होईल ते सांगावयास नको. ड्रायव्हरच्या बाबतीत हे घडण्याची एक खास रीत आहे. उपकरणाला सांगितलेले असते की आलेली माहिती अमुक जागी आणून टाक. ड्रायव्हर आपले काम संपले असे समजून ती जागा परत करतो. पण उपकरणास थांबावयास सांगण्याचे राहून जाते. उपकरण मुके व आज्ञाधारक. ते त्याच जागी माल टाकीत राहते, आणि तेथे आता दुसऱ्या कोणाचा जमाखर्च असतो. म्हणून नियम असा की प्रथम उपकरण थांबवावे, त्याच्या हाका बंद कराव्या, मध्येच अर्धवट राहिलेले काम संपू द्यावे, आणि मगच जागा सोडावी. एकच आकडा दोनदा परत केला तरी वही बिघडते, कारण दुसऱ्या वेळी जी खूण पुसली जाते ती कदाचित दुसऱ्याची असते.

मागण्याच्या वेळीही शिस्त आहे. कारकून नाही म्हणू शकतो, हे ध्यानात ठेवून त्याचे उत्तर पाहिल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नये. एखाद्याने तीन जागा मागितल्या, दोन मिळाल्या व तिसऱ्यास नकार आला, तर त्याने निराश होऊन तसेच निघून जाऊ नये. दुसरी परत करावी, मग पहिली परत करावी, आणि मग जावे. शेवटी घेतलेले आधी सोडावयाचे हा क्रम जाणते लोक कटाक्षाने पाळतात, कारण नंतरची जागा पुष्कळदा आधीच्या जागेच्या आधारावर उभी असते. शिवाय आकाशपाळण्यास सलग मैदान लागते. वीस ठिकाणी वीस वीस हात मोकळे असून त्याच्या काही उपयोगाचे नसते. मेमरीत थेट लिहिणाऱ्या पुष्कळशा उपकरणांचे असेच आहे. ज्याचे काम विखुरलेल्या जागांवर भागते त्याने वेगळ्या खिडकीवर मागावे, आणि ज्या खिडकीवर घेतले त्याच खिडकीवर परत करावे. लिनक्स ह्या कर्नलमध्ये अशा दोन खिडक्या प्रसिद्ध आहेत. एकीचे नाव केमॅलॉक. ती देते ती जागा खरोखरीच सलग असते. दुसरीचे व्हीमॅलॉक, ती विखुरलेले तुकडे सलग असल्याचे भासविते.

आणखी एक बारकावा आम्हांस फार मौजेचा वाटतो. जागा शिल्लक नसेल तर कारकून सामान्य माणसास म्हणतो की जरा बसा, कोणी उठला की देतो. बसण्यास सवड असलेल्यास हे चालते. पण देवस्वारी दाराशी येऊन उभी राहिली तर तिला बसा म्हणता येत नाही. तिच्या मागे लोकांची रीघ लागलेली असते, आणि तीच थांबली तर ज्यांनी जागा सोडावयाची त्यांसही बाहेर पडता येत नाही. उपकरणाची हाक आली असता ड्रायव्हरचा जो भाग धावून जातो त्याची स्थिती अशीच असते. त्याने झोपावयाचे नाही, वाट पाहावयाची नाही. राखून ठेवलेल्या थोड्या जागेतून लगेच मिळाले तर घ्यावे, नाही तर नाही म्हणून निभावून न्यावे. ज्या ड्रायव्हरने ह्या प्रसंगी निवांतपणे वाट पाहण्याच्या रीतीने मागणी केली त्याने सर्व यंत्र जागच्या जागी गोठविले असे समजावे. असली चूक रोज दिसत नाही. यात्रेच्या ऐन गर्दीतच दिसते, हीच तिची वाईट खोड.

येथवर वाचून कोणी विचारील की ह्या सर्वांशी स्ट्रेची ह्यांचा संबंध कोठे आला. तो भाषेच्या वाटेने आला. १९६२ साली ते केंब्रिजच्या गणित प्रयोगशाळेत गेले व तेथील आणि लंडनमधील सहकाऱ्यांबरोबर सीपीएल नावाची एक मोठी भाषा रचू लागले. ती भाषा इतकी भव्य योजिली होती की पूर्णपणे कधी उभीच राहिली नाही. स्ट्रेची ह्यांना अपुरे काम लोकांपुढे ठेवणे आवडत नसे. त्यामुळे त्यांच्या टिपणांचे ढीग झाले पण ग्रंथ झाले नाहीत. हा त्यांचा दोषच होता असे आम्हांस म्हणावे लागते. तथापि त्या अपुऱ्या भाषेतून मार्टिन रिचर्ड्स ह्यांनी बीसीपीएल ही आटोपशीर भाषा काढली. तिच्यावरून अमेरिकेत केन थॉम्पसन ह्यांनी बी, आणि बी वरून डेनिस रिची ह्यांनी १९७२ च्या सुमारास सी ही भाषा केली. १९७३ साली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. १९९१ साली निघालेले लिनक्सही सी भाषेतच. पणजोबांचे नाक पणतवंडास यावे त्याप्रमाणे मूळ घराण्यातील एक लक्षण सी भाषेत उतरले. बीसीपीएलने मेमरीकडे नुसत्या क्रमांकित कप्प्यांची रांग म्हणून पाहिले, आणि कप्प्याचा क्रमांक हा इतर संख्यांसारखाच एक आकडा मानला. ह्यामुळे यंत्राच्या अंगाला अंग लावून लिहिणे सोपे झाले, ड्रायव्हर लिहिणारास तर वरदानच मिळाले. पण आकडा हाती राहिला आणि जागा गेली तरी भाषा काही बोलत नाही, हा धोकाही त्याच दानातून आला.

हा भेद स्ट्रेची ह्यांनी स्वतः फार स्पष्टपणे मांडला होता. ऑक्सफर्ड येथे त्यांनी प्रोग्रॅमिंगच्या संशोधनाचा एक लहानसा गट स्थापन केला, आणि १९६७ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन येथे दिलेल्या व्याख्यानांत भाषेच्या मूळ कल्पनांची उकल केली. एकाच नावाचे दोन अर्थ होतात हे त्यांनी दाखविले. एक, ते नाव ज्या जागेचे आहे ती जागा. दुसरा, त्या जागेत ह्या घटकेला जे आहे ते. पहिल्यास एल-व्हॅल्यू व दुसऱ्यास आर-व्हॅल्यू असे ते म्हणत. घराचा नंबर आणि घरातील माणसे ह्यांत गोंधळ करू नये, इतके साधे हे तत्त्व. पण हा गोंधळ मिटविल्यावाचून जागा देणे व घेणे ह्याविषयी एक वाक्यही नीट बोलता येत नाही. ती व्याख्यानेही हस्तलिखिताच्या प्रतींतूनच जगभर फिरली. छापून निघावयास २००० साल उजाडले. पुढे १९६९ पासून अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ डॅना स्कॉट ह्यांच्या सहकार्याने प्रोग्रॅमच्या अर्थाचे गणित त्यांनी रचले. त्यात मेमरी ही एक गणिती वस्तू झाली. कोणती जागा वापरात आहे, कोणती मोकळी आहे, आणि प्रत्येकीत काय आहे, ह्याचा हिशेब तिच्यात बसविलेला होता. आमच्या कारकुनाची वही जणू प्रमेयांच्या पुस्तकात जाऊन बसली.

नुसत्या प्रमेयांवर त्यांचे समाधान नव्हते. जो सिद्धान्त सांगतो त्याने यंत्राला हात लावला पाहिजे आणि जो यंत्र चालवितो त्याने सिद्धान्त जाणला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून जो स्टॉय ह्या आपल्या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी मॉड्युलर वन नावाच्या एका लहान यंत्रासाठी ओएस-सिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, आणि १९७२ साली तिचे वर्णन दोन लेखांत प्रसिद्ध केले. इतकेच नव्हे, तर तिचा सबंध मजकूर छापून लोकांपुढे ठेवला. तीत उपकरणांविषयी एक सुंदर योजना होती. फीत वाचणारे यंत्र असो वा छापणारे, वापरणारास ते सर्व एक प्रवाह म्हणून दिसे. पुढचे अक्षर घ्यावे, अक्षर सोडावे, प्रवाह संपला काय ते विचारावे, आणि काम झाल्यावर प्रवाह मिटावा, अशी ठराविक कृत्ये. उपकरणागणिक जे वेगळे ते प्रवाहाच्या पोटात झाकलेले. मिटणे ही ह्या मोजक्या कृत्यांपैकी एक ठेवली, ह्यात आमच्या मते मोठे शहाणपण होते. उघडणे सर्वांना सुचते. मिटण्याची जबाबदारी कोणाची हे आधीच लिहून ठेवणारा विरळा. पुढे कॅलिफोर्नियातील आल्टो ह्या सुप्रसिद्ध यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमने ही प्रवाहांची योजना ओएस-सिक्सवरून उचलली.

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका छोट्या पत्राचा उल्लेख येथे केला पाहिजे. कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो कधी थांबेल की नाही हे अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिणे अशक्य आहे, हे त्यांनी त्यात अवघ्या काही ओळींत सिद्ध केले होते. ती सिद्धता ट्युरिंग ह्यांनी आगगाडीच्या डब्यात त्यांस तोंडी सांगितलेली. तीच तर्कसरणी लावली असता, प्रत्येक ड्रायव्हरमधील प्रत्येक गळती बिनचूक शोधून काढणारे यंत्रही होणे नाही असे निघते. ह्यामुळे उपाय दोनच उरतात. एक म्हणजे चाचणीच्या वेळी सापळे लावणे: परत आलेली जागा कर्नल एका ठराविक खुणेने भरून ठेवतो, म्हणजे जुना मालक तेथे गुपचूप आला तर पकडला जातो. दुसरा म्हणजे लिहिण्याच्या स्वातंत्र्यालाच बांध घालणे. लिनक्समध्ये २००७ पासून अशी सोय आहे की ड्रायव्हरने जागा घेताना ती उपकरणाच्या नावावर लिहवून घ्यावी. उपकरण सुटले की नावावरील सर्व जागा उलट्या क्रमाने आपोआप परत होतात. आणि २०२२ पासून रस्ट ह्या नव्या भाषेस त्या कर्नलमध्ये प्रवेश मिळाला आहे. ह्या भाषेत प्रत्येक जागेचा मालक एकच असतो, आणि मालकी सोडल्यावर जागेस हात लावणारा प्रोग्रॅम भाषांतर करणारे यंत्र सामान्यतः पुढे जाऊच देत नाही. कर्नलाच्या आत काही ठिकाणी हा पहारा मुद्दाम बाजूस ठेवावा लागतो, आणि तेथे माणसाची सावधगिरी पूर्वीइतकीच लागते.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे ज्यास वाटत असेल त्याने १९ जुलै २०२४ हा दिवस आठवावा. क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोज यंत्रांच्या कर्नलमध्ये बसलेला होता. त्याला जी नवी माहिती पाठविली गेली ती वाचताना त्याने वीस रकान्यांच्या तक्त्यातील एकविसावा रकाना वाचावयास हात पुढे केला, म्हणजे स्वतःच्या जागेची हद्द ओलांडली. ही चूक जागा परत करण्यातील नव्हती, हद्द न पाहण्यातील होती. परंतु गोत्र तेच. साधा प्रोग्रॅम असता तर तो एकटा पडला असता. कर्नलातील ड्रायव्हर पडला म्हणून जगभर सुमारे ८५ लाख यंत्रे एकदम पडली. विमानतळांवर रांगा लागल्या, इस्पितळांचे कामकाज अडले, आणि आमच्या देशात काही विमानप्रवाशांस हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्याची पाळी आली.

स्ट्रेची ह्यांना हे पाहावयाचे नव्हते. १९७१ साली ऑक्सफर्डने त्यांच्यासाठी गणनशास्त्राचे प्रोफेसरपद निर्माण केले. विद्यार्थी थोडे होते. पण त्यांच्याशी ते तासन् तास वाद घालीत, आणि पियानोचीही त्यांस आवड होती. आपला सर्व विचार एकदा सलग लिहून काढावा म्हणून रॉबर्ट मिल्न ह्या शिष्याबरोबर त्यांनी एक मोठा निबंध १९७४ साली पुरा केला. त्यानंतर ते काविळीने आजारी पडले. थोडे बरे वाटले, पुन्हा उलटले, आणि १८ मे १९७५ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचा अंत झाला. वय अवघे ५८ वर्षांचे. ते अविवाहित होते. निबंध पुढच्या वर्षी, १९७६ साली, मिल्न ह्यांनी दोन खंडांत प्रसिद्ध केला, आणि मागे राहिलेली टिपणे, पत्रे व प्रोग्रॅमचे कागद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ठेवण्यात आले.